बंबवाल्यांचा मठ

रु द प्वासी या रस्त्यावर वीस नंबरच्या दारासमोर उभं राहिलं की आधी डोळ्यांत भरते ती इमारतीची लांबी. पॅरिसमधली मध्ययुगीन बांधकामं बहुतेक आकाशाकडे धावणारी. इथून चालत दहा मिनिटांवर असलेलं नोत्र-दाम हा त्याचा जगप्रसिद्ध नमुना. ही इमारत मात्र रस्त्याच्या कडेनं आडवी पसरली आहे, एखाद्या जुन्या स्टेशनातल्या मालधक्क्यासारखी. फिकट दगड, ओळीनं खिडक्या, वर भलंमोठं उतरतं छप्पर. पर्यटकांचे जथे शेजारच्या बुलव्हार सँ-जर्मेनवरून निघून जातात, इकडे वळत नाहीत. मीसुद्धा पहिल्या खेपेला दारावरून पुढेच गेलो होतो.

आत शिरलं की मालधक्का विसरायला होतं. सत्तर मीटर लांब आणि चौदा मीटर रुंद असं एकच दालन, मध्ये बत्तीस खांब, सोळा-सोळाच्या दोन रांगांत. खांब इतके सडपातळ की एवढ्या दगडी छताचा भार त्यांनी कसा पेलला असेल, असा प्रश्न पडतो. (त्यांना तो नीट पेलला नव्हताच, पण ते पुढे येईल.) प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून कमानी छत्रीच्या काड्यांसारख्या फुटतात आणि शेजारच्या कमानींना जाऊन मिळतात. दाराशी पुस्तकांचं दुकान, पलीकडे कॉफी. एक आजीबाई चष्मा कपाळावर चढवून वहीत काहीतरी उतरवत बसल्या होत्या; त्यांचा वर्ग सुरू व्हायला वेळ होता. आत यायला तिकीट नाही.

या वास्तूचं नाव कोलेज दे बर्नार्दां. बर्नार्दां म्हणजे बर्नार्डपंथी. बाराव्या शतकातले संत बर्नार्ड, क्लेर्व्हो मठाचे संस्थापक, यांच्या सिस्टर्शियन पंथातल्या भिक्षूंना फ्रान्समध्ये लोक याच नावानं ओळखत. तेराव्या शतकाच्या मध्याला या भिक्षूंसाठी पॅरिसमध्ये बांधलेलं हे वसतिगृह आणि विद्यालय. मात्र ज्यांच्या नावानं ही पाटी लागली, त्या बर्नार्डना ही इमारत मुळीच आवडली नसती.

सिस्टर्शियन म्हणजे गावापासून दूर, जंगल तोडून, दलदल उपसून वस्ती करणारे लोक. १०९८ मध्ये बर्गंडीतल्या सितो इथे त्यांचा पहिला मठ उभा राहिला. अंगमेहनत, मौन आणि प्रार्थना. भिंतींवर चित्रं नाहीत, खिडक्यांत रंगीत काचा नाहीत. १११५ मध्ये बर्नार्ड मोजके सोबती घेऊन एका रानटी खोऱ्यात गेले आणि क्लेर्व्हो वसवलं. शहरातल्या विद्यालयांबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. पुस्तकांपेक्षा जंगलात जास्त शिकायला मिळतं, अशा अर्थाचं त्यांनी एका पत्रात लिहून ठेवलं आहे. ११४० मध्ये ते पॅरिसला आले आणि तिथल्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी प्रवचन केलं. त्याचा मथितार्थ एवढाच, की या शहरातून पळा, स्वतःला वाचवा. काही विद्यार्थी खरोखरच पळाले. त्यांच्यात ऑक्सेरचा जॉफ्रुआ होता. तो अबेलारचा शिष्य, आणि अबेलार म्हणजे त्या काळातला पॅरिसचा सगळ्यात तेजस्वी आणि सगळ्यात वादग्रस्त शिक्षक. बर्नार्डनी त्याचा विद्यार्थी पळवला आणि लवकरच सँसच्या धर्मसभेत खुद्द गुरुजींच्या मतांवर दोषाचा शिक्का मारून घेतला. जॉफ्रुआ पुढे बर्नार्डचा लेखनिक झाला, आणि नंतर क्लेर्व्होचा मठाधिपतीही.

त्यानंतर जेमतेम शंभर वर्षं गेली आणि त्याच क्लेर्व्होच्या मठाधिपतीनं पॅरिसमध्ये कॉलेज काढलं.

मधल्या काळात घडलं असं की शहरात नवे संन्यासी आले. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन. हे लोक रानात राहत नसत. बाजारपेठांच्या गावांत राहून उपदेश करत आणि विद्यापीठातल्या गाद्या मिळवत. पोपला वाद घालायला, पाखंड खोडून काढायला माणसं हवी असत, आणि ती आता यांच्याकडे मिळू लागली. शेतं कसणारे, मेंढ्या पाळणारे सिस्टर्शियन जुनाट ठरले. सेंट ऑल्बन्सचा मॅथ्यू पॅरिस (नावात पॅरिस असलं तरी हा इंग्रज इतिहासकार) सरळच लिहितो की अडाणी म्हणून हिणवलं जाऊ नये, यासाठी या पंथानं शहरात शाळा मागितली. हे वाचताना मला हसू आलं. एवढ्या कडक वैराग्याच्या लोकांना शेवटी टोचलं ते हेच, की शेजारचे आपल्याला गावंढळ समजतात.

कॉलेज काढणारा मठाधिपतीही इंग्रजच. स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन. घराणं वजनदार, एक भाऊ राजदरबारात, दुसरा पुढे लिंकनचा बिशप. स्वतः स्टीफन शिकून-सवरून भिक्षू झालेला. त्याची खरी ओळख पटते ती आयर्लंडमध्ये. तिथल्या सिस्टर्शियन मठांनी बाहेरून येणाऱ्या तपासनिसांना दाद देणं बंद केलं होतं. एखाद्या मठाची तर गढीच झाली होती. १२२८ मध्ये स्टीफनला तिकडे धाडलं गेलं. त्याची त्या दौऱ्यातली पत्रं उरली आहेत आणि ती वाचताना तापलेला, थकलेला, पण हट्टाला पेटलेला एक प्रशासक दिसतो. त्यानं घातलेला एक नियम फार बोलका आहे. ज्याला फ्रेंच किंवा लॅटिनमध्ये आपल्या पापाची कबुली देता येत नाही, त्याला यापुढे मठात भिक्षू म्हणून घ्यायचं नाही. आयरिश लोकांना आपली माणसं पंथात हवी असतील, तर त्यांनी ती पॅरिसला किंवा ऑक्सफर्डला शिकायला पाठवावीत.

आज हे वाचताना त्यातला परक्या राज्यकर्त्याचा ताठा लपत नाही. आयरिश मुलानं देवाशी बोलायलासुद्धा आधी नॉर्मन मालकाची भाषा शिकायची! पण स्टीफनच्या डोक्यातलं कॉलेज तिथेच जन्मलं असावं, असा माझा अंदाज आहे. शिस्त मोडली कारण शिक्षण नाही, हे निदान त्यानं त्या चिखलवाटांवर घोडं दामटताना केलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

१२४३ मध्ये तो क्लेर्व्होचा प्रमुख झाला आणि लगेच कामाला लागला. पोप चौथे इनोसंट यांचा पाठिंबा मिळाला. पंथाच्या वार्षिक महासभेनं १२४५ मध्ये मठांतल्या अभ्यासाची सोय करायला मान्यता दिली. सीन नदीच्या डाव्या तीरावर, शहराच्या तटाच्या आत, शार्दोने नावाचा पाणथळ भाग होता. शार्दों म्हणजे काटेरी गोखरूसारखी रानटी झुडपं; जमिनीची प्रत नावातच कळते. बिएव्हर नावाची छोटी नदी तिथून सीनला मिळायची. जागा मिळाली याचं कारणही हेच, की ती दुसऱ्या कोणाला नको होती. १२४८ मध्ये बांधकाम सुरू झालं. राजा नववा लुई याच्या भावानं, आल्फोन्सनं, दरवर्षीची देणगी लावून दिली आणि मोबदल्यात कॉलेजचा संस्थापक म्हणवून घेण्याचा मान मिळवला. देणगीदाराचं नाव पाटीवर, ही रीत काही आजची नव्हे. पॅरिसचं सगळ्यात नावाजलेलं सॉर्बोन तेव्हा अजून व्हायचं होतं. ते १२५७ चं.

स्टीफनला मात्र फळ गोड लागलं नाही. १२५५ च्या सुमारास महासभेनं त्याला पदावरून काढलं. पंथातल्या जुन्या मंडळींना पोपच्या वशिल्यानं झालेला हा शहरी उद्योग खुपत होता. नव्या पोपनं त्याला परत बसवायची खटपट केली, पण स्टीफन परतला नाही. थोड्याच वर्षांत तो वारला. कॉलेज मात्र बंद झालं नाही.

इमारतीची रचना स्टीफनच्या पंथाला साजेशी होती. तळघरात कोठार. त्यावर, आज आपण आत शिरतो ते दालन. तेव्हा ते अखंड मोकळं नव्हतं, त्यात भोजनशाळा होती, स्वयंपाकघर होतं, बैठकीची आणि शिकण्याची जागा होती. त्याच्या वर निजायचा मजला. म्हणजे खाली धान्य आणि दारू, मध्ये पंगत आणि पाठ, वर झोप. दूरदूरच्या मठांतून पाठवलेले तरुण भिक्षू इथे राहत आणि बायबल व पीटर लोम्बार्डचं धर्मशास्त्राचं पाठ्यपुस्तक लॅटिनमधून शिकत. शिकण्याची खरी कसोटी म्हणजे वादसभा. प्रश्न मांडायचा, उलट बाजूचे सगळे आक्षेप आपणच आधी सांगायचे, मग उत्तर द्यायचं. आपल्याकडच्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष आणि सिद्धान्त असतो, त्याची आठवण व्हावी अशी ही पद्धत.

आणि बांधून फार काळ लोटला नाही तोच इमारत खचू लागली. पाया दलदलीत, वर दगडी कमानींचं ओझं. खांब एकसारखे न खचता कमी-जास्त खचले. भिक्षूंनी उपाय केला तो शेतकऱ्याच्या डोक्यातून आलेला. तळघर मातीनं भरून टाकलं. सुंदर कमानी, कोठार, सगळं गाडून घेतलं आणि वरचं वाचवलं. ती माती पुढे कित्येक शतकं तशीच राहिली.

या कॉलेजचा सगळ्यात नाव काढलेला विद्यार्थी झाक फुर्निए. दक्षिण फ्रान्समधल्या साध्या घरातला मुलगा. इथून धर्मशास्त्राची पदवी घेऊन तो मठाधिपती झाला, मग पामिएचा बिशप. तिथे त्यानं पाखंडाच्या संशयावरून शेकडो गावकऱ्यांची बारीक उलटतपासणी केली आणि उत्तरं तपशीलवार उतरवून घेतली. त्याच दप्तराच्या आधारे एमानुएल ल र्‍वा लादुरी यांनी १९७५ मध्ये 'मोंतायू' हे एका डोंगरी खेड्याचं चरित्र लिहिलं. कोण कोणाशी संबंध ठेवून होतं, कोण कोणाच्या उवा काढत होतं, हे सातशे वर्षांनी आपल्याला कळतं ते या विद्यार्थ्याच्या चिकाटीमुळे. वादसभेत तयार झालेलं प्रश्न विचारायचं हत्यार असंही चालतं, हे विसरता येत नाही.

१३३४ मध्ये फुर्निए पोप झाला, नाव बारावा बेनेडिक्ट. गादी तेव्हा आव्हिन्योंला होती. लगेच पुढच्या वर्षी त्यानं आपल्या पंथासाठी नवे नियम काढले. त्यात कोणत्या आकाराच्या मठानं किती भिक्षू शिकायला पाठवायचे, हेही ठरवून दिलं. आणि जुन्या कॉलेजसाठी एक भव्य चर्च बांधायला घेतलं, १३३८ मध्ये. संत बर्नार्डच्या साधेपणाला सोडून असलेलं, उंच आणि डौलदार. त्यातला दुहेरी गोल जिना बघायला लोक मुद्दाम येत: दोन माणसं एकाच वेळी चढली तरी एकमेकांना दिसत नसत. पण बेनेडिक्ट १३४२ मध्ये वारला, पैसा आटला, आणि चर्च अर्धवट राहिलं ते कायमचं.

पुढची साडेचारशे वर्षं मी दोन ओळींत उरकतो, कारण कॉलेजनंही ती तशीच काढली. विद्यापीठाचा दबदबा ओसरला, भिक्षू कमी झाले, खोल्या भाड्यानं गेल्या.

मग क्रांती आली. १७८९ च्या नोव्हेंबरात चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली, फेब्रुवारी १७९० मध्ये मठपंथच बरखास्त झाले. रिकाम्या कॉलेजात सक्तमजुरीची शिक्षा झालेले कैदी आणून ठेवले. बंदरांकडे जाणाऱ्या साखळीत जोडले जाईपर्यंत त्यांनी इथे वाट बघायची. १७९२ च्या सप्टेंबरात प्रशियाचं सैन्य पॅरिसवर चालून येतंय, या भीतीनं पिसाळलेला जमाव तुरुंगांत घुसला. पाद्री आणि सरदारांच्या कत्तलींची वर्णनं सगळीकडे सापडतात. इथे मेले ते सत्तरहून जास्त साधे गुन्हेगार, चोर-भामटे. राजकारणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

त्यानंतर इमारत मिळेल त्या कामाला जुंपली गेली. मिठाचं आणि तेलाचं कोठार, शाळा, शहराच्या दप्तराची जागा. मला या इमारतीचं सगळं चरित्र इथेच उलगडल्यासारखं वाटतं. बेनेडिक्टचं देखणं चर्च पाडलं गेलं. अर्धवट, उंच, गारठलेलं चर्च गोदामाला निरुपयोगी आणि दगड मात्र विकाऊ. कॉलेजच्या बागेतून रस्ते काढले गेले, आणि पुढे पॅरिसची नव्यानं आखणी करणाऱ्या बॅरन ओस्मानच्या काळात बुलव्हार सँ-जर्मेन याच भागातून गेला. चर्चचं वस्त्रागार सोडलं तर उरली ती जिच्यात पंगत बसायची आणि अंथरुणं पडायची ती आडवी, सरळसोट इमारत. तिला कोणी जपलं नाही. ती लोकांच्या कामाला येत राहिली, म्हणून कोणी पाडली नाही.

१८४५ मध्ये बंबवाले आले. पॅरिसचं अग्निशमन दल नगरपालिकेचं नाही, लष्कराचं आहे, आणि त्याची गोष्ट सांगायलाच हवी. १८१० मध्ये नेपोलियनच्या दुसऱ्या लग्नानिमित्त ऑस्ट्रियाच्या राजदूतानं नाचाचा समारंभ ठेवला. मंडपाला आग लागली, माणसं होरपळून मेली, नेपोलियन स्वतः तिथे हजर. बंबवाल्यांची फजिती त्यानं डोळ्यांनी बघितली आणि पुढच्याच वर्षी ते दल मोडून लष्करी तुकडी उभी केली. म्हणून पॅरिसचा बंबवाला म्हणजे शिपाई. तो बराकीत राहणार, घंटा झाली की उठणार.

आता बघा: तरुण पुरुष, सामाईक शयनगृह, सामाईक पंगत, वरिष्ठाची आज्ञा, ठरलेली वर्दी आणि रात्री-अपरात्री वाजणारी घंटा. स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन उठून आला असता तर बंब बघून दचकला असता, पण दिनक्रम त्याला ओळखीचा वाटला असता. १८८७ मध्ये इमारतीला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, तरी बंबवाले तिथेच. तब्बल दीडशे वर्षं, १९९५ पर्यंत. भिक्षूंच्या खालोखाल सगळ्यात दीर्घ मुक्काम त्यांचाच, आणि तरी मार्गदर्शक पुस्तिकांत त्यांच्या वाट्याला सहसा एखादं वाक्य येतं.

ते गेले आणि पुन्हा रिकामी इमारत, पुन्हा तोच प्रश्न. तो सोडवला कार्डिनल झाँ-मारी ल्युस्तिजे यांनी. पॅरिसचे हे आर्चबिशप जन्मानं ज्यू. आई-वडील पोलंडहून आलेले. १९४० मध्ये, किशोरवयात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आईचा अंत आउश्वित्झमध्ये झाला. आपण ज्यू राहिलोच आहोत, असं ते आयुष्यभर म्हणत आले. २००७ मध्ये ते गेले तेव्हा नोत्र-दामच्या बाहेर आधी ज्यूंची कादिश ही प्रार्थना म्हटली गेली.

ल्युस्तिजेंच्या पुढाकारानं पॅरिसच्या धर्मप्रांतानं २००१ मध्ये ही इमारत महानगरपालिकेकडून विकत घेतली. यातली गंमत फ्रेंच माणसाला बरोबर कळते. १९०५ च्या कायद्यानं चर्च आणि राज्य वेगळे झाले. नोत्र-दामसकट कॅथेड्रलं सरकारी मालकीची, चर्चला त्यांचा वापर फुकट. आणि इथे चर्चनं आपलीच, दोनशे वर्षांपूर्वी जप्त झालेली वास्तू पैसे मोजून परत घेतली. दुरुस्तीचा खर्च पाच कोटी युरोंच्या घरात गेला. त्यात सरकार आणि शहरानंही वाटा उचलला.

२००४ ते २००८ असं चार वर्षं काम चाललं. ऐतिहासिक स्मारकांचे वास्तुविशारद एर्व्हे बाप्तिस्त आणि त्यांच्या जोडीला आधुनिक पद्धतीनं काम करणारे झाँ-मिशेल व्हिलमोत. सगळ्यात अवघड काम जमिनीखालचं. पाया पक्का करायचा, वरची इमारत हलू द्यायची नाही, आणि भिक्षूंनी गाडलेलं तळघर मोकळं करायचं. माती निघत गेली तसतशा खालच्या कमानी दिसू लागल्या. आज तिथे वर्ग भरतात. खाली उतरलं की गारवा अंगाला लागतो आणि कमानी डोक्याच्या जवळ येतात. खांब वरच्यापेक्षा आखूड, जाड, रांगडे. दगडांच्या कडा काही ठिकाणी अजून कोऱ्या वाटतात. शतकानुशतकं मातीत असल्यानं त्यांना ना धूर लागला, ना रंगाचे हात, ना बंबवाल्यांचे खिळे. वर पोटमाळ्यात, छपराखाली, दोन सभागृहं बसवली आहेत. म्हणजे झोपायचा मजला आता व्याख्यानांचा झाला; व्याख्यानांत झोपणाऱ्यांनी परंपरा राखली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

१२ सप्टेंबर २००८ रोजी इथे पोप सोळावे बेनेडिक्ट बोलले. समोर सुमारे सातशे लेखक, प्राध्यापक, कलावंत. त्यांत मुस्लिम प्रतिनिधीही होते. विषय होता, युरोपच्या संस्कृतीला मठांनी काय दिलं. भिक्षू संस्कृती घडवायला मठात गेले नव्हते, ते देवाला शोधायला गेले होते. पण शोधायचं तर ग्रंथ हवेत, ग्रंथांसाठी व्याकरण हवं, म्हणून शाळा आली, ग्रंथालय आलं, असं त्यांच्या मांडणीचं सूत्र. बेसूर गाणाऱ्या भिक्षूंवर बर्नार्ड कसे चिडायचे, तेही त्यांनी सांगितलं. भाषण विद्वत्तापूर्ण होतं. मला त्यात एक जागा मात्र जरा सारवासारवीची वाटते. बर्नार्डना विद्यालयांचा तिटकारा होता आणि त्यांच्या वारसांनी लाजेकाजेखातर कॉलेज काढलं, हा खडबडीत इतिहास त्या सुबक सूत्रात बसत नाही.

दहा वर्षांनी, ९ एप्रिल २०१८ ला, याच दालनात राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन फ्रान्सच्या बिशपांसमोर उभे राहिले. चर्च आणि राज्य यांच्यातलं नातं बिघडलं आहे, ते दुरुस्त करायला हवं, असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी देशभर गदारोळ. १९०५ नंतर नातंच उरलं नाही तर दुरुस्ती कसली, असा विरोधकांचा सवाल. जिथे उलट पक्षाचे आक्षेप आधी मांडायची शिस्त होती, तिथल्या एका वाक्यावर अख्खा देश पूर्वपक्ष करत बसला.

शेजारीच, त्याच जुन्या काटेरी माळाचं नाव लावणारं सँ-निकोला-द्यु-शार्दोने हे चर्च आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सुधारणा न मानणाऱ्या परंपरावाद्यांनी १९७७ मध्ये ते ताब्यात घेतलं आणि ते आजवर सोडलेलं नाही. तिथे लॅटिनमध्ये जुनी उपासना चालते. आणि इकडे धर्मशास्त्राच्या वर्गांबरोबर अर्थकारणावर परिसंवाद, ज्यू-ख्रिस्ती संवादाचे अभ्यासक्रम, मैफली, चित्रपट. जुन्या वस्त्रागारात आधुनिक कलेची प्रदर्शनं लागतात. सुरुवातीलाच, २००८ मध्ये, क्लाउदिओ पार्मिज्जानी या इटालियन कलावंतानं इथे काचांचा चक्रव्यूह उभारून तो फोडला, आणि पुस्तकांच्या कपाटांची काजळीनं उमटलेली छाया भिंतींवर धरली. पुस्तकं काढून घेतल्यावर उरलेले धुराचे ठसे. बंबवाल्यांच्या जुन्या बराकीत धूर दाखवायचं धाडस त्यानं जाणून केलं की नकळत, कोण जाणे.

इथला कार्यक्रमांचा कागद चाळताना मनात एक शंका येत राहते. पंगत गेली, शयनगृह गेलं, रात्रीची घंटा गेली. ऐकायला येणारे संध्याकाळी येतात आणि मेट्रो पकडून घरी जातात. इथे कोणी राहत नाही. बंबवाल्यांच्या काळात निदान कोणीतरी इथे झोपत होतं. तरी त्या आजीबाई वही मिटून तळघराच्या जिन्याकडे निघाल्या, तेव्हा मीच कठड्यापाशी बाजूला झालो.

आणि संत बर्नार्डचं क्लेर्व्हो? ते पॅरिसपासून दोनशे किलोमीटरवर, शांपान्यच्या जंगलात आहे. १८०८ मध्ये सरकारनं त्याचा तुरुंग केला. व्हिक्टर ह्यूगोची 'क्लोद ग्य' ही कथा तिथल्याच एका कैद्याची. मठाचं थोरलं चर्च एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडांसाठी पाडलं गेलं. कामकरी भिक्षूंची बाराव्या शतकातली इमारत, खाली कोठार आणि वर निजायची जागा, मात्र शाबूत राहिली. तुरुंग २०२३ मध्ये बंद झाला. दोनशे वर्षांत पहिल्यांदाच तिथे आता कैदीही नाहीत आणि भिक्षूही नाहीत, आणि एवढ्या इमारतींचं पुढे काय करायचं, याचा विचार चालू आहे.